खाडीच्या रंगाचे उपरणे

शाल आणि श्रीफळ ही आपल्या सत्काराची ठरलेली सामग्री आहे, आणि आपली धर्मग्रामेही तिला अपवाद नाहीत. पंचवीस वर्षांहून अधिक काळ धर्मगुरू म्हणून वावरल्यामुळे माझ्या कपाटात अशा शालींची एक चळत साचली आहे. त्या सर्व चकाकतात. त्यांच्या काठांवर जरीसारखा दिसणारा प्लास्टिकचा दोरा आहे. अंगावर घेतल्या की हिवाळ्यात त्यांची ऊब लागत नाही आणि उन्हाळ्यात त्यांच्यातून वारा येत नाही. देणाऱ्यांच्या प्रेमाविषयी मला यत्किंचितही शंका नाही. परंतु एखाद्या शालीचा रंग कोणता होता असे कोणी विचारले, तर मला कपाट उघडून पाहावे लागेल.

गेल्या पावसाळ्यानंतर या चळतीवर एक निराळे वस्त्र येऊन पडले. काल्हेर येथील आमच्या एका कुटुंबातील मुलीने वस्त्रकलेचे शिक्षण घेतले आहे. तिने स्वतः आखलेले आणि हातमागावर विणून घेतलेले हे उपरणे आहे. ती त्याला ‘स्टोल’ म्हणते. दुकानातही हल्ली हाच शब्द चालतो. आम्ही धर्मगुरू उपासनेच्या वेळी गळ्यात घालतो त्या ‘स्टोला’चेच हे भावंड, दोन्ही शब्द एकाच लॅटिन घरातून आलेले, म्हणून तो शब्द ऐकून मला प्रथम हसू आले. सोबत तिने एक चिठ्ठी ठेवली होती. काल्हेरच्या खाडीकाठचे रंग या वस्त्रात आणण्याचा प्रयत्न केला आहे, अशी आणखी काही विणून घ्यायची आहेत, त्यांना ‘काल्हेर’ असेच नाव द्यावे असे मनात आहे. तरी फादर, तुम्ही आपल्या त्रैमासिकात याविषयी मोकळेपणाने लिहावे, कौतुक नको. कौतुक नको असे म्हणणारी माणसे बहुधा कौतुकाचीच वाट पाहत असतात, हा माझा अनुभव. तथापि या मुलीने वस्त्राबरोबर सुताचे नमुनेही पाठवले होते. परीक्षकाच्या हाती मापे देणारा माणूस परीक्षेला तयार असतो, असे धरून मी हे लिहीत आहे.

प्रथम वस्त्राचे वर्णन करतो. लांबी दोन मीटरच्या आसपास, रुंदी हातभराहून थोडी अधिक. ताणा रेशमाचा, बाणा सुती. एका टोकाला दोन बोटे रुंद असा गडद निळा पट्टा, ते खाडीचे पाणी. त्याला लागून करड्या-तपकिरी रंगाचा वीतभर भाग, तो गाळ. मग वस्त्राचा अर्ध्याहून अधिक भाग हिरवट राखाडी, ती तिवरांची झाडी. त्यापुढे विटकरी रंगाची एक बारीक रेघ. खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध. आणि दुसऱ्या टोकाला पिवळा, तो भाताचा. पाण्यापासून शेतापर्यंत चालत गेल्यावर जे ज्या क्रमाने लागते तेच त्या क्रमाने येथे मांडले आहे. कोठे फूल नाही, पक्षी नाही, होडी नाही. केवळ पट्टे. हा संयम मला प्रथमदर्शनीच आवडला, हे आधी नमूद करतो.

ज्या वाचकांनी काल्हेर पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. उल्हास नदी ठाण्यापाशी येईपर्यंत खाडी झालेली असते. तिचा मोठा प्रवाह साष्टीला वळसा घालून घोडबंदरमार्गे वसईकडे जातो. या प्रवाहाच्या उत्तर काठावर, ठाण्याच्या बाळकुम-कोलशेतच्या समोर, भिवंडी तालुक्यात काल्हेर वसले आहे. कशेळीचा पूल ओलांडला की काल्हेर येते. वाटेत आता मेट्रोचे खांब, गोदामांचे दरवाजे आणि मालमोटारींच्या रांगा दिसतात. खाडी मात्र दिसत नाही. ती पाहायची तर रस्ता सोडून आत जावे लागते. रेतीच्या व्यवसायाने या काठाला पूर्वीपासून ओळख दिली. पुढे मुंबईच्या जकातीबाहेरची जमीन म्हणून काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, माणकोली या पट्ट्यात गोदामे उभी राहिली. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, तरी गोदामे वाढतच राहिली. सांगायचे एवढेच की हा काही कोणी सहलीला येऊन पाहावा असा देखावा नव्हे. अशा ठिकाणचे रंग वस्त्रात आणावेत असे वाटणे, हीच या कल्पनेतली पहिली नवलाची गोष्ट. काश्मीरच्या दरीवरून शाल विणणे सोपे आहे. तेथे डोळ्यांना आधीच सवय लावून ठेवलेली असते.

आता हिरव्याविषयी. खरे सांगायचे तर पहिल्या भेटीत तो मला चुकलेला वाटला. मंद, धुरकट, जणू पाण्यात फार वेळ राहिलेला. मला वाटले, सुताला रंग नीट चढलेला नाही. ते वस्त्र माझ्या खुर्चीच्या पाठीवर तसेच पडून होते. एके दिवशी आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध मावशी मिस्साची नोंद करण्यासाठी आल्या. त्यांचे तरुणपण खाडीच्या चिखलात निवट्या आणि चिंबोऱ्या धरण्यात गेले. मी त्यांना वस्त्र दाखवले आणि ते काय आहे हे मुद्दाम सांगितले नाही. त्यांनी ते हातात घेऊन खिडकीकडे तिरके धरले, थोडे हलवले आणि म्हणाल्या, “फादर, हे तर तिवर. वारा सुटलाय.”

मी विचारले, वारा कोठे दिसला?

“पानाची पाठ दिसते ना,” त्या म्हणाल्या. तिवराचे पान वरून हिरवे आणि खालून पांढरट राखी असते. वारा आला की सगळी झाडी एकदम राखी होते आणि थांबला की पुन्हा हिरवी. त्या सहज बोलून गेल्या. मी इतकी वर्षे त्या काठाने ये-जा केली, माझ्या लक्षात हे कधी आले नव्हते. दुसऱ्या दिवशी जाऊन पान उलटून पाहिले. तसेच होते.

विणकराने हे कसे साधले हे समजून घेण्यासारखे आहे, कारण या वस्त्राचे सगळे यश आणि सगळे अपयश तेथेच आहे. ताण्याचे रेशीम हिरवे आहे आणि ते या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच आहे. बाण्याचे सूत मात्र पट्ट्यागणिक बदलले आहे. तिवरांच्या भागात बाणा राखेच्या रंगाचा आहे. हिरवे रेशीम चमकते, राखी सूत चमकत नाही. वस्त्र सरळ धरले तर दोन्ही रंग मिसळून धुरकट दिसतात. तिरके धरले की कधी हिरवा वर येतो, कधी राखी. आपल्याकडे याला धूपछाव म्हणतात, आणि पैठणीच्या मागांवर ही रीत फार जुनी आहे. तेव्हा या वस्त्रातला हिरवा हा एक रंग नाहीच. तो दोन रंगांचा एकमेकांवरून जाण्याचा प्रकार आहे. ज्याला मी चूक समजलो ती या वस्त्रातली सर्वांत अचूक जागा निघाली. परीक्षकाने आपली चूक छापावी की नाही याविषयी मतभेद असतील; मी छापतो.

हे वस्त्र विणले गेले महेश्वर येथे. काल्हेरहून सुमारे पाचशे किलोमीटर दूर, नर्मदेच्या काठी. महेश्वर मध्य प्रदेशात असले तरी त्याचे मराठी मनाशी नाते जुने आहे. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ या काळात तेथून राज्य केले आणि विणकरांना आश्रय दिला. विसाव्या शतकात तो उद्योग मोडकळीस आला. तेव्हा १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याच घराण्यातील रिचर्ड व सॅली होळकर यांनी ‘रेहवा’ ही संस्था काढून त्याला पुन्हा उभे केले. रेवा हे नर्मदेचेच नाव. महेश्वरी वस्त्रांच्या काठांतही ती नदी आहे: एका काठाचे नावच ‘लहर’, आणि दुसऱ्याचे ‘ईंट’, विटांवरून घेतलेले. म्हणजे भूदृश्यावरून वस्त्र विणणे ही महेश्वरला नवी कल्पना नाही. पण तेथील विणकरांनी नदीचा रंग घेतलेला नाही, तिची चाल घेतली आहे. लहर काठ निळा असतोच असे नाही. तो तांबडा असू शकतो, काळा असू शकतो. लहर उठते आणि बसते एवढेच तो सांगतो. नदीला ओळखण्याची ही पद्धत मला फार प्रौढ वाटते.

रंगांच्या बाबतीत महेश्वरच्या बोलीत अंगूरी, डाळिंबी, गुलबक्षी, जामला, तपकीर अशी नावे चालतात. त्यांतली निम्मी तुमच्या माझ्या घरातली आहेत. आणि येथे थोडे थांबून मराठीचा विचार करावासा वाटतो. आपल्या भाषेने रंगांना नावे देताना चित्रकाराकडे पाहिलेच नाही. ती स्वयंपाकघरात गेली, परसात गेली, रानात गेली. आमसुली, जांभळा, अंजिरी, डाळिंबी, लिंबू; अबोली, गुलबक्षी, केशरी; पोपटी, मोरपंखी; शेवाळी, राखाडी, विटकरी, मातकट. तपकिरी रंग तर आजोबांच्या तपकिरीच्या डबीतून आला. पैठणीच्या जुन्या रंगांतही पोपटी हिरव्याला राघू म्हणत. म्हणजे निसर्गाच्या रंगाचे कापड ही काही आजच्या जाहिरातीची कल्पना नव्हे. आपल्या आज्या लुगडे घेताना निसर्गाचीच नावे घेत होत्या. फरक इतकाच की त्या देखाव्याचे नाव घेत नसत, वस्तूचे घेत. ‘सह्याद्रीतील पहाट’ असे लुगडे कोणी मागितले नाही. आमसुली मागितले, आणि ते कसे हवे हे दुकानदाराला नेमके कळले, कारण आमसूल दोघांच्याही जिभेवर होते.

गंमत अशी की खाडीकाठच्या रंगांना मात्र मराठीत अशी रूढ नावे मला आढळत नाहीत. ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या गाळाचा तो करडा, ज्यात थोडा निळा, थोडा जांभळाही असतो, त्याला काय म्हणावे? वाऱ्यातल्या तिवराला काय म्हणावे? बहुधा या काठावर राहणाऱ्या माणसांच्या हाती लुगड्याच्या रंगाला नाव देण्याची सत्ता कधी आली नसावी. पण कापडाला रंग देण्याची कला त्यांना होती: कोकणपट्टीत ऐनाच्या सालीच्या काढ्यात जाळी बुडवीत, म्हणजे सूत खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नसे. जाळी तांबूस होत. तो रंग शोभेसाठी नव्हता. तरीही किनाऱ्यावर वाळत घातलेली ती जाळी ज्यांनी पाहिली असतील त्यांना तो रंग आठवत असेल. या उपरण्यात तो नाही, याची मला किंचित रुखरुख आहे.

भूदृश्य विणण्याचा एक अगदी वेगळा मार्ग यूरोपने धरला, आणि तो आपल्या वाचकांना परिचित असेल. पोप दहावे लिओ यांनी सिस्टीन चॅपेलसाठी राफाएलकडून प्रेषितांच्या कृत्यांची चित्रे करवून घेतली आणि ती ब्रुसेल्स येथे पिटर व्हान एल्स्टच्या कारखान्यात लोकर, रेशीम आणि सोन्यारुप्याच्या तारांनी विणली गेली. त्यांतले पहिले सात पट १५१९ च्या डिसेंबरात, संत स्तेफनाच्या सणाला, चॅपेलमध्ये लागले. राफाएलच्या पाचशेव्या स्मृतिवर्षात, २०२० च्या फेब्रुवारीत, ते आठवडाभर पुन्हा त्याच भिंतींवर टांगले होते. त्यांत चमत्कारिक मासेमारीचा पट आहे: सरोवर, दोन होड्या, मागे टेकड्या, काठावर लांब मानेचे पक्षी. काल्हेरच्या माणसाला ओळखीचा वाटावा असा देखावा. परंतु हे विणकाम चित्राची आज्ञा पाळते. विणकर मागील बाजूने विणत असल्यामुळे मूळ चित्र पटात उलटे उमटते, म्हणून राफाएलला आधीच तसा हिशोब ठेवावा लागला. त्या पटांच्या वैभवाविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. मात्र तेथे धागा रंगाच्या फटकाऱ्याची नक्कल करतो. आपल्या समोरच्या साध्या उपरण्यात धागा धाग्याचेच काम करतो, आणि लहान वस्त्राला हाच मार्ग शोभतो असे माझे मत आहे.

दुसरे टोक पाहायचे तर आपले घोंगडे घ्यावे. धनगर दख्खनी मेंढीची लोकर कातरतो. काळी, करडी, तपकिरी, जशी असेल तशी ती कातली जाते, मागावर विणली जाते आणि घोंगड्याला चिंचोक्याची खळ दिली जाते. रंगारी लागतच नाही. ज्या माळावर मेंढी चरली तो माळच खांद्यावर येतो. घोंगड्याला कोणी भूदृश्यापासून स्फूर्ती घेतलेले वस्त्र म्हणणार नाही, कारण तेथे स्फूर्ती घेण्याइतके अंतरच शिल्लक राहिलेले नाही.

या उपरण्याविषयी मला सर्वाधिक विचारला गेलेला प्रश्न असा: फादर, रंग नैसर्गिक आहेत का? नाहीत. मुलीने ते लपवलेले नाही. रासायनिक रंग आहेत, बंदी असलेल्या वर्गातले नाहीत. भारत सरकारने अ‍ॅझो व बेंझिडीन वर्गातल्या ११२ रंगांवर बंदी घातली, ते वगळून. हे ऐकून काही जणांचा चेहरा पडतो. त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पहिली अशी की निसर्गात हिरवा सर्वत्र आहे, पण कापडावर टिकणारा हिरवा सहसा कोणतेच एक झाड देत नाही. पानाचा हिरवा कापडावर टिकत नाही. जुने रंगारी सूत आधी निळीत बुडवीत आणि मग त्यावर हळदीचा किंवा डाळिंबाच्या सालीचा पिवळा चढवीत. हळद उन्हाला फार लवकर शरण जाते. यूरोपातील कित्येक जुन्या विणलेल्या पटांत आज झाडांची पाने निळी दिसतात, ती याच कारणाने: वरचा पिवळा उडाला, खालची नीळ राहिली. दुसरी गोष्ट अशी की नैसर्गिक म्हणजे निर्दोष असे समीकरण नाही. नीळ शंभर टक्के नैसर्गिक होती आणि तिच्यापायी चंपारणच्या शेतकऱ्यांवर जे गुदरले त्यासाठी १९१७ मध्ये गांधीजींना तेथे जावे लागले.

खरा प्रश्न रंग कशाचा हा नसून रंग धुतल्यावर पाणी कोठे जाते हा आहे, आणि भिवंडीकरांना तो शिकवावा लागत नाही. कामवारी नदीने आपल्या रंगाई व सायझिंगच्या कारखान्यांचे पाणी किती वर्षे पोटात घेतले हे सर्वांनी पाहिले आहे. ती नदी शेवटी याच खाडीला मिळते. खाडीचे रंग घेऊन विणलेल्या वस्त्राच्या रंगाचे पाणी खाडीतच सोडले, तर त्या वस्त्रावर बोलायचे तरी काय? या उपरण्याचे सूत महेश्वरला रंगले. तेथे त्या पाण्याची काय व्यवस्था आहे ते चिठ्ठीत नव्हते. मी मुलीला विचारले. तिने प्रामाणिकपणे सांगितले की आपण चौकशी केली नाही. पुढच्या वेळी करावी. विकताना जी चिठ्ठी जोडली जाईल तिच्यात तिवरांचे वर्णन चार ओळींनी कमी झाले तरी चालेल, ही एक ओळ हवी.

आता निळ्या पट्ट्याकडे येतो. माझा मोठा आक्षेप येथे आहे. काल्हेरच्या खाडीचे पाणी निळे नाही. पावसाळ्यात ते गढूळ तांबूस असते, एरवी मातकट हिरवे, संध्याकाळी शिशासारखे. आकाश स्वच्छ असेल तेव्हा दुरून क्षणभर निळसर झाक येते, पण या पट्ट्याचा तो गडद निळा कधीच नसतो. सध्याच्या काल्हेरात असा निळा मला एकाच ठिकाणी दिसला: गोदामांच्या पत्र्यांवर आणि मालमोटारींच्या ताडपत्रीवर. मुलीला तो अभिप्रेत असता तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. पण चिठ्ठीत स्पष्ट ‘पाणी’ असे लिहिले आहे. हा निळा डोळ्यांनी पाहिलेला नाही. शाळेच्या चित्रकलेच्या वहीतून आला आहे, जेथे नदी म्हटली की निळा खडू उचलायचा असतो.

आणि मागाने त्याची साक्ष दिली आहे. हिरव्या ताण्यावर निळा बाणा साधेपणाने टाकला असता तर रंग मोरपंखीकडे झुकला असता. तो तसा होऊ नये म्हणून तेथे जाड दुहेरी सूत घालून, दाबून विणून ताणा झाकून टाकला आहे. बोट फिरवले की तो पट्टा ताठ लागतो. बाकी सर्व वस्त्र मऊ पडते आणि हे टोक ठिगळासारखे उभे राहते. जेथे ताणा आणि बाणा एकमेकांना दिसू दिले तेथे वस्त्र खरे झाले आहे. जेथे एकाने दुसऱ्याला झाकले तेथे ते फसले आहे.

याच्या नेमके उलट पिवळ्या टोकाला घडले. मुलीला पिकलेल्या भाताचा, पेंढ्याचा पिवळा हवा होता. पण खालून हिरवे रेशीम डोकावते, आणि जो रंग आला तो भात दाण्यावर येऊन अजून पिकायचा असतानाचा, हिरवट पिवळा. तिला ही चूक वाटते. पुढच्या वेळी येथेही जाड सूत घालू का, असे ती विचारत होती. मी हात जोडले. तो रंग कोणीही बुद्ध्या योजून आणू शकला नसता.

परंतु पिवळ्याविषयी एक दुसरा, अधिक अवघड मुद्दा आहे. भात कोठे आहे? बांधाच्या आतली ती शेते बहुतांशी भरावाखाली गेली. आज पाण्याकडून चालत निघालात तर गाळ लागेल, तिवर लागतील, बांधाचा काही भाग लागेल, आणि नंतर पत्र्याची भिंत लागेल. वस्त्र मात्र अजून भातापर्यंत नेते. मुलीचे म्हणणे असे की आजी सांगत असे तसे मी विणले. ते मला मान्य आहे. स्मृतीतून विणू नये असा नियम नाही. मग चिठ्ठीत तसे लिहावे. ‘काल्हेरचा खाडीकाठ’ म्हणून परगावच्या माणसाला हे वस्त्र विकले आणि तो ते गळ्यात घालून कशेळीचा पूल उतरला, तर त्याची फसवणूक होईल. त्याहूनही, जे गेले आहे ते आहेच असे समजून आपण निर्धास्त होऊ. उरलेल्या तिवरांवर कोणाची नजर आहे हे काल्हेरात सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा हा केवळ शोभेचा मुद्दा नाही.

किमतीविषयी लिहिणे परीक्षणात बसत नाही असे म्हणतात, पण धर्मग्रामाच्या हिशोबाच्या वह्या तपासणाऱ्याला ते टाळता येत नाही. एका उपरण्याच्या किमतीत चकाकणाऱ्या पाच-सहा शाली येतात. आमच्या सभेत हा विषय निघाला तेव्हा एका सद्गृहस्थांनी विचारले, भिवंडीत लाखो माग असताना महेश्वरला कशाला जायचे? प्रश्न रास्त आहे. आपले शहर मागांवरच वाढले. १८५७ नंतर उत्तरेकडून विणकर घराणी येथे येऊन स्थिरावली. ती हातमागवालीच होती. पुढे विजेचा माग आला आणि हातमाग मागे पडला. आता यंत्रमागही भंगारात निघत आहेत. भिवंडीचे कापड बहुतेक ‘ग्रे’ निघते, म्हणजे कोरे, रंगावाचून. रंग त्याला पुढे कोठेतरी मिळतो. १९८५ च्या कायद्याने काही वस्त्रे हातमागासाठी राखून ठेवली. ती यादी प्रथम बावीसांची होती, नंतर अकरांवर आली, आणि तिच्यात शाल-मफलरीचाही समावेश आहे. कायदा कागदावर आहे आणि माझ्या कपाटातली चळत कपाटात आहे. ज्या शहराच्या कानात रात्रंदिवस मागाचा आवाज आहे, त्या शहराच्या खाडीचे रंग विणायला नर्मदेवर जावे लागले, याचे उत्तर मी त्या सद्गृहस्थांना देऊ शकलो नाही.

जाता जाता आमच्या स्टोलाविषयी. आमचे रंग पंचांगाने ठरतात, देखाव्याने नव्हे. तिसरे इनोसंट हे पोप होण्यापूर्वी, बाराव्या शतकाच्या अखेरीस, त्यांनी उपासनेच्या रंगांविषयी लिहिताना हिरव्याला पांढरा, काळा आणि तांबडा यांच्यामधला रंग मानून साध्या दिवसांना दिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेच्या वस्त्रांत भपक्यापेक्षा उदात्त सौंदर्य असावे असे सांगितले, आणि १९६९ मध्ये भारतीय ख्रिस्तसभेला अंगवस्त्राच्या धर्तीचा साधा पोशाख वापरण्याची मोकळीक मिळाली. त्या मोकळिकीचा आपण किती विचारपूर्वक उपयोग केला हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. मला कोणी विचारले, हे उपरणे मिस्साला चालेल का? नाही. त्यात रंग पाच आहेत. पण साध्या काळातला हिरवा स्टोला पुढे कधी घेण्याची वेळ आली, तर हिरवा ताणा आणि राखी बाणा असलेला घ्यावा असे माझ्या मनात आहे. वेदीवर पंखा लावला की त्यालाही वारा लागेल.

मुलीने हे टिपण छापण्यापूर्वी वाचले आहे. दुसऱ्या खेपेचे सूत महेश्वरला रवाना झाले. निळा पट्टा तिने काढला आणि त्या जागी गाळाचाच करडा थोडा फिका करून घेतला आहे. पिवळे टोक ठेवावे की तेथे पत्र्याचा निळा आणावा, याविषयी आमचे अजून एकमत झालेले नाही. मावशींना विचारले, तर त्या म्हणाल्या की त्या टोकाला आता त्या जातच नाहीत.